देवमन टेलरचं इंजेक्शन

गीतांजली तायडे अमरावतीत राजापेठेतल्या एका क्लासमध्ये नीटच्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवते. वय चाळिशीच्या जवळ आलेलं. दर रविवारी ती चर्चला जाते, पण क्लासमध्ये हा विषय कधी काढत नाही. एकदा एका मुलीनं भर वर्गात विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही ख्रिश्चन ना? मग हे उत्क्रांतीचं खरं मानता, का नुसतं शिकवता?" गीतांजलीनं घाईघाईनं फळा पुसला आणि पुढचा प्रश्न घेतला. चर्चमध्येही तसंच. तिथं कुणी माकडाचा विषय काढला की ती काहीतरी निमित्त करून बाहेर पडायची. एकीकडे खरं बोललं तर दुसरीकडचे लोक आपल्याला सोडून देतील, अशी तिला धास्ती होती.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका गुरुवारी, सकाळची पहिली बॅच सुटत असताना बाळापूरहून तिच्या आईचा, मैनाबाईंचा फोन आला.

"गीता, तुह्या बाबाले कुत्रं चावलं."

"कधी?"

"रविवारी. प्रार्थनाघराचं दार उघडून राहिले होते तवा. हाताले चावलं."

"इंजेक्शन घेतलं?"

 आई हळू आवाजात म्हणाली, "नाई. म्हणते प्रार्थना केली हाय. मीबी काही बोलली नाई. पण गीता, ते कुत्रं मंगळवारी मेलं. तोंडातून लाळ गळत होती म्हणे. लोकाईनं पाहिलं."

 रविवारपासून गुरुवार. चार दिवस गेले होते. तिनं पुढच्या दोन बॅच रद्द केल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी रिक्षा करून स्टँड गाठलं.

अकोल्याच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय गेलं ते तिला आठवत नाही. तिला आठवत होता चंद्रभानकाका. वडिलांचा धाकटा भाऊ. ती नऊ वर्षांची असताना तो कुत्रं चावून गेला. चावल्यावर तीन महिने तो धडधाकट होता, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जात होता. मग एके दिवशी त्याला पाणी गिळवेना. ग्लास नुसता समोर आला तरी गळा आवळल्यासारखा तो मागं सरकायचा. पंख्याचा वाराही सहन होईना. शेवटी त्याला प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत ठेवलं, आणि तिचे वडील दाराबाहेर गुडघे टेकून मोठ्यानं प्रार्थना करत राहिले. तिनं खिडकीतून काकाचा चेहरा पाहिला होता. तिच्याकडे पाहून त्याला हसायचं होतं, पण ते हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. पुढं प्राणिशास्त्र घेताना हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या खोलीत काय चाललं होतं हे तिला समजून घ्यायचं होतं.

आता ते समजत होतं, म्हणून जास्त भीती वाटत होती. एकदा पाण्याची भीती सुरू झाली की जगातला कुठलाही डॉक्टर काही करू शकत नाही, हे ती दरवर्षी मुलांना शिकवत होती.

दुपारी एकला ती बाळापूरला पोचली. वडील देवमन घराच्या ओसरीवर मशीनपाशी बसले होते. गावात त्यांना देवमन टेलर म्हणत. दिवसभर शिवणकाम, आणि संध्याकाळी पंधरावीस घरांच्या छोट्या मंडळीला उपदेश. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. तिनं विचारलंही नाही, फडकं सोडलं. अंगठ्याच्या खाली तीन खोल खुणा होत्या.

"याला साबण लावला होता?"

"तुह्या मायनं तेल लावलं. प्रार्थना करून."

ती त्यांना नळाखाली घेऊन गेली. घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणानं हात धूत राहिली. चार दिवसांनी त्याचा किती उपयोग, हे तिला माहीत नव्हतं.  मग देवमन पुन्हा मशीनपाशी येऊन बसले.

"चला बाबा, अकोल्याला जाऊ. आताच."

"नाई."

"बाबा!"

"मी तीस वर्ष लोकाईले सांगतलं, प्रभूवर भार टाका. आता माह्यावर आलं तर मी सुई घ्यायले पळू? ज्याले विश्वास हाय त्याले सुई काहून लागते?"

आई दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. गीतांजलीला ओरडावंसं वाटलं. पण ओरडलं तर ते उठून आत जातील आणि दार लावून घेतील, हे तिला ठाऊक होतं. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्या वडिलांना शिकवायला लागली.

"बाबा, ऐका. कुत्र्याच्या लाळेतला विषाणू रक्तातून जात नाही. तो नसेतून, म्हणजे मज्जातंतूतून जातो, हातातून वर, मेंदूकडं. मुंगीच्या पावलानं. कधी महिना लागतो, कधी तीन महिने. लस त्याच्या आधी पोचते. शरीर तयार होतं आणि त्याला वाटेतच अडवतं. तो मेंदूत पोचेपर्यंत आपल्याला सवड असते." ती क्षणभर थांबली. पुढचं तिनं ना क्लासमध्ये कधी म्हटलं होतं, ना चर्चमध्ये. "मला वाटतं, ही सवड देवानंच ठेवलीय, बाबा. ज्या माणसांनी ती शोधून काढली, त्यांना बुद्धीही त्यानंच दिली. मी शिकवते ते त्याच्या विरोधातलं नाही. मी त्याचंच काम वाचते."

 देवमनचा आवाज एकदम वेगळाच आला.

"मंग चंद्रभानलेबी सवड होती."

 आपल्या बोलण्याचा असा अर्थ होईल हे गीतांजलीच्या लक्षातच आलं नव्हतं.

"त्याले जायचं होतं अकोल्याले," देवमन म्हणाले. "तवा बेंबीभोवती चौदा सुया टोचत. तो तयार होता. मी म्हटलं, काहून जातं? मी प्रार्थना करतो ना. त्यानं माह्यं ऐकलं. तीन महिने, गीता. तीन महिने सवड होती त्याले." त्यांनी ओला हात मांडीवर दाबून धरला. "मले मरायचं भेव नाई वाटून राहिलं. ही सुई घेतली का मीच त्याले मारलं हे कबूल करा लागते. त्याचं भेव हाय मले."

मैनाबाई तिथंच खाली बसल्या. त्यांनाही हे माहीत नव्हतं.

'तुमची चूक नव्हती' असं म्हणणं सोपं होतं. पण ते खोटं झालं असतं, आणि वडिलांनी ते ओळखलं असतं.

"हो बाबा," ती म्हणाली. "काका वाचला असता."

देवमननी डोळे मिटले. ती घाबरून त्यांच्याकडे पाहत राहिली. आपण त्यांना मोडून टाकलं असं तिला वाटलं. पाच मिनिटं गेली असतील. मग ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि म्हणाले, "रिक्षा बलाव."

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात रांग होती. टेबलामागच्या डॉक्टरबाईंनी जखम पाहिली, तारीख विचारली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "चार दिवस? का थांबलात?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी केसपेपर पुढं ओढला. "उशीर झालाय, पण लस आजच सुरू करायची. आणि जखमेत दुसरं एक औषध टोचावं लागेल. दुखेल."

"वाचतील ना?" गीतांजलीनं विचारलं.

"वाचायला हवेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. याहून जास्त त्या बोलल्या नाहीत.

अंगठ्याच्या मुळाशी सुई शिरली तेव्हा देवमन कण्हले. गीतांजलीनं त्यांचा डावा हात धरला आणि मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागली. बाजूला पंचवीसेक माणसं होती. अमरावतीचा तिचा एक जुना विद्यार्थीही तिथं इंटर्न म्हणून उभा होता. तो पाहत होता. ती थांबली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. ठरलेल्या प्रत्येक तारखेला ती अमरावतीहून येऊन त्यांना दवाखान्यात नेत होती. मधल्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ फोन करायची आणि एकच विचारायची, "पाणी प्यायले?" आई म्हणायची, "प्याले." एकदा देवमनना जेवताना ठसका लागला, तर मैनाबाई ताट टाकून रडायला लागल्या. साधी सर्दी निघाली. गीतांजलीला क्लासमध्ये शिकवताना मध्येच वाक्य विसरायला व्हायचं. लस लागू पडते हे तिला पक्कं माहीत होतं. देव ऐकतो हेही ती मानत होती. तरी भीती जात नव्हती. दोन्हीपैकी कशानंही ती गेली नाही.

शेवटचं इंजेक्शन राहिलं होतं, तेव्हा देवमन तिला म्हणाले, "मनकर्णाकडं जाऊ." मनकर्णा म्हणजे चंद्रभानची बायको. ती त्याच गल्लीच्या टोकाला एकटी राहत होती आणि दर रविवारी त्यांचा उपदेश ऐकायला पहिल्या रांगेत बसत होती. तिच्या दारात पोचेपर्यंत देवमनच्या कपाळावर घाम आला होता. सुईच्या वेळीही ते इतके घाबरले नव्हते.

त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मनकर्णा डोक्यावरचा पदर सावरत ऐकत होती. ऐकून झाल्यावर खाली पाहत म्हणाली, "मले ठाऊक हाय, दादा. चावलं त्या रात्री ते मले विचारत होते, जाऊ का म्हणून. मीच म्हटलं, दादा म्हणते तर नोका जाऊ. पोटात चौदा सुया, मले भेव वाटलं. तीस वर्ष मीबी कोणाले सांगतलं नाई."

देवमन तिच्या उंबऱ्यावर बसले. मग तिनं विचारलं, "तुमचे सारे इंजेक्शन झाले?"

"एक राहिलं."

"मंग तेबी घ्या. मी येतो संगं."

ती खरंच आली. पुढच्या गुरुवारी अकोल्याच्या त्या बाकावर तिघं शेजारी शेजारी बसले होते. देवमन आज धडधाकट आहेत, शिवणकाम करतात. मंडळीत कुणी आजारी पडलं की ते आधी दवाखान्याचा कागद मागतात, तो नीट वाचून घेतात आणि मगच त्या माणसासाठी गुडघे टेकतात. दोन घरांनी त्यामुळे त्यांच्याकडं येणं बंद केलं. मनकर्णा अजून पहिल्या रांगेत बसते.