शेजारची खचलेली सीट

स्टिअरिंगवर दोन जागा घासून गुळगुळीत झाल्या होत्या. माझे अंगठे तिथे बरोबर बसले. पावणेदोन लाख किलोमीटर धावलेलं इंजिन पहिल्याच चावीला सुरू झालं. कुणा अनोळखी माणसाने ही गाडी किती घाटांतून नेली असेल; ते सगळे घाट आता मला बोलावत होते.

नुसती बघून येतो, असं बायकोला सांगून गेलो होतो आणि गाडी घेऊनच परतलो. सोसायटीत शिरताना अपराधी वाटत होतं. ती खालीच उभी होती, हळदकुंकू आणि लिंबू घेऊन.

“तुला कसं कळलं?”

“नुसतं बघायला कुणी इस्त्रीचा शर्ट घालून जातं का?”

“अगं, पण जुन्या गाडीची कसली पूजा?”

“गाडी जुनी असेल. लिंबू ताजं आहे.”

बॉनेटवर स्वस्तिक काढून, चाकाखाली लिंबू ठेवून ती माझ्या शेजारी बसली. ती सीट चांगलीच खचलेली होती.

“इथे बसणारी पुष्कळ फिरलेली दिसते,” ती म्हणाली.

मी तिला आजवर नेलं ते दवाखान्यात, नाहीतर नातेवाइकांच्या लग्नांना. मी पहिला गिअर टाकला. चाकाखाली लिंबू फुटलं.

“कुठे निघालात?”

“घाटात.”

तिने पदर खोचला आणि काच खाली केली.