बेटावरची कोंबडी

ऑफिसात सगळे तिला काटकसरकाकू म्हणत. तोंडावर नुसतं काकू, पाठीमागे पूर्ण. तिचं वय पन्नाशीकडे झुकलेलं, बाकीची मंडळी पंचविशीच्या आसपास, त्यामुळे काकू होणं नशिबातच होतं. काटकसर मात्र तिने स्वतः कमावली होती.

पूर्वी ती एका बिल्डरकडे पुठ्ठ्याच्या इमारती करायची. अंगठ्याएवढी झाडं, नखाएवढ्या मोटारी. पुढे बिल्डर तेच सगळं पडद्यावर दाखवू लागला आणि पुठ्ठ्याबरोबर काकूही अडगळीत निघाली. दोन दिवस तिने हातपाय गाळले, मग चष्म्याचा नंबर वाढवून घेतला आणि तीच कला कॉम्प्युटरवर शिकली. दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वर, मोबाइलचे गेम बनवणाऱ्या छोट्या कंपनीत तिला नोकरी लागली. खालून ड्रिलची घरघर येई, मधूनच एखादी किंकाळी. वर चालणाऱ्या मीटिंगांना ते पार्श्वसंगीत शोभून दिसे.

कंपनीचे साहेब आधी गाद्या विकत. त्यामुळे माणसाला काय हवंहवंसं वाटतं, यावर ते अधिकारवाणीने बोलत. एकदा ते म्हणाले, "काकू, बेट हवंय. कार्टूनसारखं, गोड आणि हलकं."

हलकं म्हणजे कमी त्रिकोणांचं. असल्या गेममधली प्रत्येक वस्तू सपाट त्रिकोण जोडून केलेली असते, कागद दुमडून केलेल्या खेळण्यासारखी. त्रिकोण वाढले की फोन धापा टाकतो. या कामात काकूचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने चुरगळलेल्या कागदासारखा डोंगर केला, खांबावर टोपी ठेवावी तशी झाडं केली, एक दीपस्तंभ आणि भोवती निळाशार समुद्र. फोन गार, डोळे गार.

साहेबांनी बेट फिरवून फिरवून पाहिलं. "छानच आहे. पण यात काही... आहे का?"

झालं. जाहिरातवाल्या मुलीला नाचायचा चौक हवा झाला. हिशेबनीसाला क्रिकेट आवडे, म्हणून स्टेडियम आलं. संगीतवाल्याने धबधबा मागितला. साहेबांनी स्वतःसाठी फक्त एक ज्वालामुखी घेतला, "छोटासाच." प्रत्येकाला आपापला बाब्या प्रिय. महिन्याभरात बेटावर पाय ठेवायला जागा उरली नाही आणि फोन असा तापू लागला की त्यावर पापड भाजून निघाला असता.

प्रोग्रामरने हात टेकले. "निम्मे त्रिकोण काढा, नाहीतर गेम चालणार नाही."

मीटिंग बसली. चौक राहणार होता, कारण तरुण मंडळी. स्टेडियम राहणार होतं, कारण खेळाडूवृत्ती. ज्वालामुखीचा विषय कोणी काढलाच नाही. शेवटी सर्वानुमते ठरलं, समुद्र काढून टाकायचा.

"अहो, समुद्र काढल्यावर बेट कसलं?" काकू म्हणाली.

"लोक समजून घेतील," साहेब म्हणाले. "समुद्र मनात असतो, काकू."

काकूच्या अंगाचा तिळपापड झाला. तावातावाने ती प्रोग्रामरच्या टेबलाशी गेली. "सगळ्यात जास्त त्रिकोण कोण खातंय ते दाखव. ज्वालामुखीच असणार!"

प्रोग्रामरने पडद्याकडे पाहिलं, मग काकूकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "काकू, रागावू नका. दीपस्तंभाच्या मागे एक कोंबडी आहे."

कोंबडी काकूचीच होती. कोणाला न विचारता तिने ती फावल्या वेळात केली होती. पीस न् पीस वेगळं, तुऱ्याला सुरकुत्या, पायांवर खवले. एकटी कोंबडी अख्ख्या स्टेडियमपेक्षा जड होती. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान! काकू जागेवर येऊन बसली. खालून ड्रिलचा आवाज येत होता आणि तो आपल्याच दाढेत चालू आहे असं तिला वाटलं.

संध्याकाळी घरी वाटाणे सोलता सोलता तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाईंनी चष्मा वर सरकवून फोनवर कोंबडी पाहिली.

"देखणी आहे गं. पण हिच्या पायाचे खवले बघायला कोण खाली वाकणार आहे?"

"मी वाकते ना."

"मग तुझ्यापुरती घरात ठेव. चोच, तुरा, शेपूट दिसलं की जगाला कोंबडी कळते."

काकूला हे पटलं नाही. जेवतानाही पटलं नाही. सकाळी मात्र ऑफिसात येऊन तिने एकेक पीस उतरवायला घेतलं. शेवटी कोंबडी लिमलेटच्या गोळीसारखी कोनाकोनांची झाली आणि काकूने भर मीटिंगमध्ये ती पडद्यावर सोडली.

"मी माझी कोंबडी कापली," ती म्हणाली. "आता तुमचं बोला."

मग संगीतवाला पुटपुटला, "धबधबा नुसता ऐकू आला तरी चालेल." जाहिरातवालीने चौकातले दिवे विझवले. हिशेबनीस स्टेडियमवरून खेळपट्टीवर आला. उरले साहेब. त्यांनी घसा खाकरला. "ज्वालामुखी... समजा, विझलाय. विझलेला ज्वालामुखी म्हणजे तसा डोंगरच ना?"

डोंगर तर आधीपासून होताच. दुपारपर्यंत समुद्र परत आला.

गेम बाजारात आला त्या दिवशी साहेबांनी सर्वांना केक भरवला आणि भाषण केलं. साधेपणाचं हे स्वप्न आपण गाद्यांच्या काळापासून पाहत होतो, असं ते म्हणाले. काकूने टाळ्या वाजवल्या. केकचा दुसरा तुकडाही घेतला, त्या दिवशी कसली काटकसर!

गेम फार गाजला नाही, बुडालाही नाही. सासूबाई तेवढ्या रोज दुपारी त्यात जाऊन बसू लागल्या. एकदा त्यांनी सुनेला हाक मारली.

"अगं, ही तुझी कोंबडी सारखी पाण्यावरून चालत पलीकडे जाते. तिला आवर."

ती चूक प्रोग्रामरची होती. काकूने ती त्याला आजतागायत सांगितलेली नाही.