कशालाच न जोडलेला क्लच

बलभीम ड्रायव्हर निवृत्त झाला, पण त्याचा डावा पाय काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. एसटीनं शाल, नारळ देऊन बलभीमला घरी पाठवलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. पाय मात्र तो जेवायला बसला तरी, न्हाव्याच्या खुर्चीत बसला तरी, अधूनमधून खाली दाबला जायचा आणि हळूच वर यायचा. भिशीच्या बैठकीत एकदा त्यानं असा पाय दाबला, तेव्हा शेजारच्याची चप्पल तुटली.

हे मी सांगतोय, कारण मी त्याच्या गाडीवर कंडक्टर होतो. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळं माझं शंभुलिंग हे नाव परंड्यात आता कुणाला आठवत नाही. ड्रायव्हर लोकांविषयी माझं मत फारसं बरं नाही, ते आधीच सांगून टाकतो. गाडी आपण चालवतो असं त्यांना वाटतं. दोन घंट्या दिल्याशिवाय गाडी हलत नाही, एक घंटी दिल्याशिवाय थांबत नाही आणि घंटीची दोरी आमच्या हातात असते. आयुष्यभर मी हे बलभीमला सांगत आलो. तो म्हणायचा, "मास्तर, तुमी दोरी ओढा, आमी गाडी ओढतो."

तर त्याच डाव्या पायाचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, क्लच बंद. बलभीमचं तोंड उतरलं. तो रोज सकाळी स्टँडवर जाऊन बसायला लागला आणि नव्या पोरांचं रिव्हर्स घेणं बघून आतल्या आत कुढायला लागला. मला खरंच त्याची काळजी वाटायला लागली होती. शेवटी त्याची मुलगी हर्षाली, ती पुण्यात नोकरीला असते, तिनं बापासाठी एक वापरलेली पण चांगली गाडी पाठवून दिली. त्या गाडीला क्लचचा पेडलच नव्हता. परंड्यातला आमचा महेबूब मिस्त्री गाडीखाली डोकावून आला आणि त्यानं समजावून सांगितलं, "बलभीमभाई, गिअरबॉक्स अपना जुनाच हाय, गिअरपण तेच. फक्त क्लच दाबायला आन गिअर टाकायला वर एक यंत्र बसवलंय. रोबोट बोलतात त्याला."

बलभीमनं विचार केला आणि म्हणाला, "म्हंजे आत दुसरा ड्रायव्हर हाय."

त्या दिवसापासून त्या यंत्राचं नाव 'आतला' पडलं. आतल्याचं आणि बलभीमचं कधी पटलं नाही. चढाला आतला गिअर उशिरा पाडतो, आतला झोपतो, आतल्याला कुणीतरी वशिल्यानं भरती केलंय, अशा तक्रारी तो मला रोज ऐकवायचा. पण खरी अडचण पायाची होती. इंजिनाचा आवाज वाढला की बलभीमचा डावा पाय क्लच शोधायला जायचा आणि तिथं त्याला ब्रेक सापडायचा. एसटीचा क्लच दाबायची सवय असलेला पाय तो! गाडी जागेवर उभी राहायची आणि मागं बसलेली त्याची बायको तुळजाबाई कपाळासकट पुढच्या सीटवर जाऊन आदळायची. पुढं ती बसत नाही. म्हणते, पुढं बसलं की यांचं तोंड दिसतं. तिचं कुंकू चांगलं ठसठशीत असतं. पंधरवड्यात पुढच्या सीटच्या पाठीवर इतके लाल ठसे उमटले की सीट नवसाला पावल्यासारखी दिसायला लागली.

महेबूबनं यावर जो उपाय काढला, तो पुण्याच्या कुठल्या इंजिनिअरला सुचला असता असं मला वाटत नाही आणि सुचला असता तरी त्यानं लाजून सोडून दिला असता. त्यानं भंगारातल्या जीपचा क्लच पेडल काढला, खाली स्प्रिंग दिली आणि ब्रेकच्या डाव्या बाजूला पत्र्यावर पक्का बसवला. तो कशालाच जोडलेला नव्हता. दाबला की खाली जायचा, सोडला की वर यायचा, बस. बलभीमच्या पायाला नोकरी मिळाली आणि ठसे थांबले. गुडघ्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, "ह्यो लई मऊ हाय. डॉक्टरला कळवायची गरज न्हाय." हर्षालीलाही कळवलं नाही.

यंदा मात्र गाडी पुन्हा झटके द्यायला लागली. दुसऱ्यावरून तिसरा पडताना आतला क्षणभर विचारात पडायचा आणि मग धाडकन गिअर टाकायचा. तेरला एका लग्नाला जाऊन येईपर्यंत सीटवर नवे ठसे उमटले. तुळजाबाईनं कपाळाला हळद लावली आणि लेकीला फोन लावला. हर्षाली म्हणाली, आबांचा पाय पुन्हा ब्रेकवर जायला लागला, आता बास. मी रविवारी येते आणि गाडी पुण्याला घेऊन जाते.

बलभीम माझ्याकडं आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. "मास्तर, ह्या खेपेला पाय न्हाय. आईशपथ. आतलाच बिघडलाय."

"सांग की मग तिला."

"सांगितलं. ती म्हणली, मागल्या खेपेलापण तुमी हेच सांगत हुता."

आणि ते खरंच होतं. पहिल्यांदा दोष पायाचा असताना त्यानं तो आतल्यावर ढकलला होता, त्यामुळं आता आतला खरोखर दोषी निघाला तर ऐकून घ्यायला कुणी नव्हतं. गाडी गेली असती तर बलभीम पुन्हा स्टँडवरच्या बाकावर जाऊन बसला असता. दुसऱ्यांदा तो तिथून उठला नसता, असं मला वाटत होतं.

महेबूबनं गाडी बघून निदान केलं. गिअरबॉक्समधलं तेल जन्मात बदललेलं नाही आणि वरच्या यंत्राच्या भांड्यातलंही खाली गेलंय. दोन्ही बदलायची. तेल बार्शीहून मागवलं. शुक्रवारी महेबूबचं गॅरेज बंद. तेल येऊन हातात पडायचं ते शनिवारी.

शनिवार म्हटल्यावर तुळजाबाई दारात आडवी उभी राहिली. शनिवारी तेल विकत घेत नसतात. "साडेसाती काय कमी हाय का घरात?" असं म्हणून तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"अगं, ते खायचं तेल न्हाय, गिअरचं हाय," बलभीम म्हणाला.

"शनीला काय वास घेऊन कळतंय व्हय?"

महेबूब म्हणाला, "वहिनी, तेल गाडीत जाणार, घरात न्हाय." तुळजाबाई म्हणाली, गाडी अंगणात लागते आणि अंगण घरात धरतात. शेवटी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. मी एकटा माणूस, बायको जाऊन वर्षं झाली, मला आडवं यायला घरात कुणी नाही. त्यामुळं तेल मी घ्यायचं ठरलं. मी घेतलं आणि महेबूबच्या हातात दिलं. रविवारचा सूर्योदय होईपर्यंत गाडी अंगणात आणायची नाही, असाही निकाल झाला. म्हणजे त्या एका दिवसापुरती गाडी बलभीमची, पण तिच्यातलं तेल माझं. आयुष्यात पहिल्यांदाच ड्रायव्हरची गाडी माझ्या मेहरबानीवर चालणार होती, आणि हे मी त्याला दिवसभरात अनेकदा ऐकवलं.

महेबूबनं खालचा नट सोडला. काजळासारखं तेल तसराळ्यात पडलं. नटाला लोखंडाचा बारीक कीस चिकटला होता. बलभीमनं तो बोटावर घेतला आणि "आतल्याची हाडं झिजली," म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क हळहळ होती. महेबूबनं वरच्या भोकातनं नवं तेल बाहेर ठिबकेपर्यंत भरलं, यंत्राचं भांडंही भरलं. मग त्याचा मुलगा रिजवान लॅपटॉप घेऊन आला. रिजवान बार्शीच्या एका वर्कशॉपात काम करतो.

"काका, आता गिअरबॉक्सला शिकवावं लागतंय," तो म्हणाला. "क्लच कुठं धरायचा, कुठं सोडायचा, ते सगळं यंत्र नव्यानं शिकतं."

त्यानं वायर जोडली. गाडीत कुणी नव्हतं. बॉनेटखाली कुईं कुईं झालं, खट्‌ खट्‌ गिअर पडले, पुन्हा निघाले. बलभीम हात मागं बांधून ऐकत होता. तो डेपोत नवे ड्रायव्हर घडवायचा. त्याच्या हाताखालून पोरं रडत बाहेर पडायची आणि पुढं उत्तम गाड्या चालवायची. रिजवानची शिकवणी संपल्यावर त्यानं विचारलं, "झालं एवढ्यात?"

"न्हाय. आता थोडं हळू, थांबत-थांबत चालवा. तवर शिकाऊच समजा त्याला."

रिजवान गमतीनं बोलला. बलभीमनं गांभीर्यानं घेतलं. शिकाऊ असेल तर नियम नियमासारखा पाळायचा. त्यानं पुठ्ठ्यावर लाल रंगानं मोठा 'एल' काढला आणि गाडीला पुढं-मागं सुतळीनं बांधला. मला मागं बसवलं, कारण तेल माझं होतं आणि कंडक्टरशिवाय त्याला गाडी सोडता येत नाही. मी स्टीलच्या डब्यावर किल्लीनं दोनदा वाजवलं, तेव्हा गाडी निघाली.

कुर्डुवाडी रस्त्यावर परंडा तालुक्यातल्या निम्म्या लोकांनी आमची ती मिरवणूक बघितली. बलभीम रिकामा क्लच दाबायचा आणि ओरडायचा, "दुसरा! घाई न्हाय करायची! आवाज ऐक, आवाज! आता तिसरा... शाब्बास!" आतला आधी अडखळत होता, मग सुधारला. आता तो खरंच बलभीमचं ऐकत होता, की बलभीमच आतल्याचा सूर ओळखून ओरडत होता, ते मी सांगू शकत नाही. फाट्यावर पोलिसानं हात केला. तो बलभीमच्या बसनं शाळेला गेलेला. त्यानं 'एल'कडं बघितलं, बलभीमच्या पांढऱ्या मिशांकडं बघितलं.

"काका, शिकतंय कोण?"

"गिअरबॉक्स."

पोलिसानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "आतलं तेल माझं हाय." त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि आम्हाला जाऊ दिलं. मी दोन वाजवल्या.

रविवारी हर्षाली आली. गाडी अंगणात उभी होती, 'एल' काढलेला होता. ती म्हणाली, "आबा, तुमी शेजारी बसा. मी चालवून बघते." ती चालवायला बसली, बलभीम तिच्या डावीकडं, मी आणि तुळजाबाई मागं. मी सवयीनं डबा वाजवला आणि गाडी निघाली.

गाडी अशी चालली की पोटातलं पाणी हलेना. पहिला, दुसरा, तिसरा, कुठं धक्का म्हणून नाही. मी खुशीत बलभीमकडं बघितलं, तर तो घामाघूम. मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. सीना नदीच्या पुलाजवळ हर्षालीनं तेच बोलून दाखवलं.

"आबा, गाडी तर छान चालतीय. मग झटके कोण देत होतं?"

आमच्या मूर्खपणाला तोड नव्हती. आतल्याला आम्ही इतका चांगला शिकवला होता की त्याच्याविरुद्ध पुरावाच उरला नव्हता. काळं तेल महेबूबनं बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून कधीच देऊन टाकलं होतं. तेल बदललं, असं मी म्हणालो, तर ती आरशातून माझ्याकडं बघून म्हणाली, "मास्तरकाका, तुमी आबांच्या बाजूनंच बोलणार." बलभीम रस्त्याकडं बघतच नव्हता, खाली बघत होता.

तेवढ्यात तुळजाबाई पुढं वाकली. "हर्षू, तुझा पाय काय करतोय गं?"

हर्षालीनं खाली बघितलं. तिचा डावा पाय महेबूबच्या पेडलवर होता. पुढं वळण होतं, इंजिनाचा आवाज बदलला आणि तिच्या देखत तो पाय खाली गेला आणि हळूच वर आला. मी एक घंटी दिली. तिनं गाडी कडेला घेतली.

"हा कशाला जोडलाय?"

"कशालाच न्हाय," बलभीम म्हणाला.

"मी कधीपासून दाबतीय?"

"मास्तरनं घंटी दिल्यापास्नं."

उभ्या गाडीत तिनं तो पेडल पुन्हा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. कॉलेजात असताना बापानं तिला किल्ल्यापुढच्या मैदानात मागून आणलेल्या जीपवर शिकवलं होतं. क्लच चुकला की तो तिला खाली उतरवून गाडीभोवती फेरी मारायला लावायचा. मी तेव्हाही मागंच बसलेलो असायचो. आता तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

"आबा, हा असताना तुमचा पाय ब्रेकवर कशाला जाईल? उठा. तुमी चालवा," ती म्हणाली आणि उतरून माझ्या शेजारी येऊन बसली. घरी पोचल्यावर तुळजाबाईनं पुढच्या सीटच्या पाठीवरून हात फिरवून बघितला. हाताला काही लागलं नाही. हर्षाली संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला गेली. गाडी राहिली.

आठवड्यानं महेबूबनं बलभीमला गॅरेजात बोलावून घेतलं. मीही गेलो. हर्षालीचा त्याला फोन आला होता. पुण्यातली तिची स्वतःची गाडीही बिनक्लचचीच. तिच्यात तसला एक पेडल बसवून मिळेल का, असं ती विचारत होती. दिवाळीला गाडी घेऊन येते, म्हणाली.

बलभीम टायरवर बसला. "कवाची घेतलीय तिनं ती गाडी," तो म्हणाला. "एवढी वर्षं पाय मोकळाच हुता तिचा. बोलली न्हाय पोरगी."

महेबूब भंगारात हात घालून पेडल शोधत होता. एक सापडला, तो त्यानं बलभीमपुढं धरला. बलभीमनं तो हातानं दाबून बघितला, पुन्हा दाबून बघितला आणि परत दिला.

"स्प्रिंग हलकी लाव," तो म्हणाला. "तिचा पाय हलका हाय."