घरी गणपती कोण आणतं?

फाइलवर लाल शाईत शेरा होता : ‘अपात्र. पती मुंबईत नोकरीस, गणपतीला येतो.’ खाली निवड समितीच्या अध्यक्षांची सही होती. वाक्य मात्र माझं होतं. माझ्या होम व्हिजिट रिपोर्टमधून ते जसंच्या तसं उचललेलं होतं.

सोमवारी सकाळी फाइल माझ्यासमोर उघडी होती आणि फोनवर अर्जदार होती.

‘सर, यादीत माझं नाव नाही. माझं काय चुकलं?’

‘थांबा, बघतोय.’

‘कॉलेजवाले म्हणतात, शुक्रवारपर्यंत तुमचं पत्र आलं नाही तर सीट वेटिंगला जाईल.’

मी रत्नागिरीतल्या एका धर्मादाय न्यासात पडताळणीचं काम करतो. त्याआधी बरीच वर्षं वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर होतो. एकटीनं मुलं वाढवणाऱ्या बायकांना न्यास शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतो. नर्सिंग, फार्मसी, आयटीआय असे पायावर उभं करणारे कोर्स आम्ही बघतो. पैसे हातात देत नाही. कॉलेजला हमीपत्र देतो आणि फी तिकडेच भरतो. अर्ज खरा आहे की नाही हे घरी जाऊन बघायचं, ते माझं काम.

एकटी आई तीन प्रकारची असते, निदान आमच्या फॉर्मवर. विधवा असेल तर मृत्यूचा दाखला असतो. घटस्फोट झालेला असेल तर कोर्टाचा निकाल असतो. तिसरी परित्यक्ता, म्हणजे नवऱ्यानं सोडलेली. तिच्याकडे कागद नसतो. सोडून जाणारा माणूस पावती देऊन जात नाही. तिच्यासाठी आम्ही सरपंचांचं पत्र घेतो आणि होम व्हिजिट करतो. दोन्ही जुळलं नाही तर होम व्हिजिट ग्राह्य धरायची, असा नियम आहे. तो नियम मीच सुचवला होता.

या अर्जदाराचं नाव इथे रेश्मा म्हणू. मंडणगड तालुक्यातली एक वाडी. वय अठ्ठावीस, आठ वर्षांची एक मुलगी. बारावी लग्नानंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे घरी बसून केलेली. सावर्ड्याच्या बाजूला एका नर्सिंग कॉलेजात तिचा जीएनएमला नंबर लागला होता. हा नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा. ती हॉस्टेलला राहणार, मुलगी सासूकडे.

मे महिन्यात मी तिच्या घरी गेलो होतो. जांभ्याच्या भिंती, पुढे पडवी. पडवीत सासू आमसुलं वाळत घालत होती. मी फॉर्ममधला प्रश्न विचारला, ‘पती कुठे असतात?’

‘मुंबईला असतात,’ रेश्मा म्हणाली.

‘येतात?’

तिच्याआधी सासू बोलली, ‘गनपतीला येतो की!’

मी दोन्ही उत्तरं लिहून घेतली. बातमीदारीत शिकवतात, माणूस बोलला ते लिहा आणि दुसऱ्या सूत्राकडून खातरजमा करा. माझ्याकडे दोन सूत्रं होती आणि ती एकमेकांशी जुळत होती. मी रिपोर्ट बंद केला.

फोनवर मी तिला तिचंच उत्तर वाचून दाखवलं.

‘सर, सासूबाई समोर होत्या. त्यांच्यापुढे काय सांगू? आणि आमच्याकडे असंच सांगतात. अर्ध्या वाडीतले पुरुष मुंबईलाच आहेत. एसटीत कोणी विचारलं तरी तेच तोंडातून निघतं.’

‘खरं काय आहे?’

‘चार वर्षं झाली. विरारला दुसरीसोबत घर केलंय. नंबर बदललाय. सरपंचांनी पत्रात तेच लिहिलंय ना? मग ते पत्र कशाला घेतलंत?’

‘दोन दिवस द्या,’ एवढंच म्हणालो.

समितीच्या अध्यक्ष लिमये मॅडम. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्यासमोर फाइल ठेवली.

‘चूक कोणाची?’ त्यांनी विचारलं.

‘माझी.’

‘बरं. दुरुस्त कशी करणार?’

‘पुरवणी रिपोर्ट देतो. तिच्याशी बोललोय.’

‘फोनवर? नाव वगळल्यावर फोनवर सगळ्याच वेगळं सांगतात.’

‘सरपंचांचं पत्र आहे.’

‘गेल्या वर्षी सरपंचांची खोटी पत्रं कोणी पकडली होती? तुम्हीच ना?’

मीच पकडली होती. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘मला दोन गोष्टी आणून द्या. भावकीबाहेरचा एक माणूस, ज्याला हे स्वतः माहीत आहे. ऐकीव नको. आणि सासूची सही. मुलगी तिच्याकडे राहणार आहे. तिच्या मनाविरुद्ध काही झालं तर ही बाई दोन महिन्यांत हॉस्टेल सोडून घरी येईल. तिचंही वर्ष जाईल आणि जिची सीट अडवली तिचंही.’

‘गुरुवारपर्यंत आणतो.’

‘शुक्रवारी आणून उपयोग नाही,’ त्या म्हणाल्या. बोलणं संपलं.

मंगळवारी पहाटेची एसटी धरली. चिपळूणला आणि खेडला बदलून वाडीत पोचेस्तोवर दुपार झाली. सरपंच ग्रामपंचायतीच्या दारात रेनकोट झटकत होते. मला बघून खूश झाले नाहीत.

‘पत्र दिलंय की साहेब. आता काय, स्टँपवर पाहिजे?’

‘तुम्हाला कसं कळलं तो सोडून गेला ते?’

‘सगळ्यांना माहीत हाय.’

‘कोणी सांगितलं?’

‘असलं कोन सांगतं काय? तुमी पेपरवाले लोक! त्यांच्या घरी गनपती कोन आनतो ते बघा. जा तात्याच्या शाळेत, तो सांगेल.’

कोकणात गणपती जिथे घडवतात त्या जागेला शाळा म्हणतात. प्रत्येक घराचा स्वतःचा लाकडी पाट असतो. सणाच्या महिना-दीड महिना आधी तो मूर्तिकाराकडे पोचवायचा. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि घरातला कर्ता पुरुष ती डोक्यावरून घरी नेतो. मुंबईचे चाकरमानी त्यासाठीच येतात. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. फॉर्म भरताना ते कामाचं आहे, असं कधी वाटलं नव्हतं.

शाळा म्हणजे पत्र्याचा लांब मांडव होता. शाडूच्या पांढऱ्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या. तात्या एका मूर्तीची सोंड ओल्या बोटानं सारखी करत होता. त्यानं मान वर केली नाही.

‘पाट आनलाय?’

‘नाही. विचारायला आलोय.’ मी घराचं नाव सांगितलं. ‘त्यांचा गणपती कोण नेतं?’

‘चुलत दीर नेतो. आधी आपला पोचवतो, मग त्यांचा.’

‘किती वर्षं?’

‘चार. त्याच्या आधी पोरगा यायचा. विरारवरनं रात्रीची गाडी धरून यायचा, डोळं लाल, पन यायचा.’

‘यंदा येईल?’

आता त्यानं माझ्याकडे बघितलं. ‘साहेब, आमच्यातला मानूस रजा मिळाली नाय तर नोकरीवर लाथ मारून गनपतीला येतो. आजारी असला तरी येतो. चार गनपती आला नाय तो मुंबैला नाय. तो गेला.’

गेल्या तीन महिन्यांत माझ्या कानावर आलेलं हे सर्वांत स्पष्ट वाक्य होतं. मी कागद काढला.

‘एवढं लिहून द्याल?’

‘नाय.’

‘का?’

‘म्हातारीच्या घरची गोष्ट हाय. ती दर साली शेवटच्या दिवशी पाट धाडते. पोराची वाट बघते ना! यंदाचा पन अजून यायचाय. तिला विचारून या. ती हो म्हनाली तर अंगठा काय, दोन्ही हात उठवून देतो.’

सासू पडवीत चिबूड कापत होती. समोर नात पाटी-पेन्सिल घेऊन बसली होती. रेश्मा आतून आली आणि दारातच थांबली.

‘परत आलाव? सांगितलं व्हतं ना, गनपतीला येतो म्हनून?’

‘आजी, शेवटचा कधी आला होता?’

‘यंदा येईल.’

‘मी शेवटचा विचारतोय.’

तिनं चिबडाची फोड नातीच्या हातात दिली आणि तिला शेजारच्या घरी पिटाळलं. मग सुरी खाली ठेवली.

‘मी खोटी बोलले म्हनताव?’

‘नाही. मी चुकीचं लिहिलं. पण ते तसंच राहिलं तर रेश्माचा प्रवेश जाईल. शुक्रवार शेवटचा दिवस आहे.’

‘मंग काय लिवायचं? माझा पोरगा बायकोला टाकून गेला म्हनून?’

मी पेन खाली ठेवलं.

‘तो नाय असं मी माझ्या तोंडानं सांगितलं, तर ही माझी कोन?’ सासू म्हणाली. ‘आज लोक म्हनतात अमक्याची सून. उद्या म्हनतील, म्हातारी परक्याच्या पोरीला कशाला पोसते. आनि ही नर्स झाली की जाईल. पोरीला घेऊन जाईल. मंग मी या घरात कुनाला बघू?’

रेश्मा दारातून पुढे आली. आवाज चढलेला होता.

‘आणि मी चार वर्षं कुठे गेले, आई? भात मी लावलं. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, डेरवणला कोण होतं तुमच्याजवळ? जायचं असतं तर तेव्हाच नसते गेले?’

‘वरडतेस कशाला गो? साहेब बसलेत.’

‘बसू देत!’

‘पोरगी हितंच राहील?’

‘तुमच्याकडेच. शाळा इथेच. मी दर सुट्टीला येणार. आणि नोकरीला लागले की तुम्ही दोघी माझ्याकडे.’

‘मी नाय येनार. घर कोन बघेल?’

‘बरं, नका येऊ!’

भांडण संपलं की वाढलं, हे मला कळत नव्हतं. सासू उठली आणि आत गेली. माळ्यावर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. परत आली ती पाट घेऊन. पदरानं त्यावरची धूळ पुसली आणि तो रेश्माच्या हातात दिला.

‘जा, शाळेत देऊन ये. तात्यानं विचारलं कोन नेनार, तर तुझं नाव सांग.’

मग माझ्याकडे वळली. ‘लिवा तुमचा कागद.’

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं : ‘माझा मुलगा चार वर्षांपूर्वी पत्नी व मुलीस सोडून गेला आहे.’

‘सोडून गेला असं नाय,’ ती म्हणाली. ‘चार साल घरी आला नाय, पैसा धाडला नाय, असं लिवा. तेवढं मी बघितलंय.’

वृत्तपत्रात असताना हाच फरक मी नव्या मुलांना शिकवायचो. मी ओळ खोडून तिची ओळ लिहिली. तिनं अंगठा उमटवला. ‘रेश्मा शिकायला गेल्यावर नात माझ्याकडे राहील’ हे दुसरं वाक्य तिनं न विचारता घालायला लावलं.

संध्याकाळी तात्यानं त्याचं निवेदन दिलं. त्याला लिहिता येत होतं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं निघालं. पाटाखाली खडूनं रेश्माचं नाव लिहून त्यानं तो रांगेत ठेवला. ‘बाईमानसानं कधी नेला नाय आमच्याकडं,’ तो म्हणाला. ‘जरा लहान मूर्ती करतो. उतरन हाय वाटेत.’

गुरुवारी सकाळी लिमये मॅडमनी दोन्ही कागद वाचले.

‘मूर्तिकार? ही कसली साक्ष?’

‘भावकीबाहेरची. स्वतः पाहिलेली. सलग चार वर्षांची.’

‘कागदावर शिक्का नाही.’

‘शाडूचे ठसे आहेत, मॅडम.’

त्या हसल्या नाहीत, पण कागद उजेडाकडे धरून ठसे बघितले. मग लाल शेरा खोडून बाजूला तारखेसह सही केली. दुपारी हमीपत्र कॉलेजला ईमेल झालं. ते मिळाल्याचा कॉलेजच्या क्लार्कचा फोन आल्यावरच मी जेवायला गेलो.

रेश्मा आता दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाली होती, फेरपरीक्षेत सुटली. नात आजीकडे राहते. मुलगा अजूनही आलेला नाही.

त्या आठवड्यात मी त्या वर्षीच्या उरलेल्या परित्यक्तांच्या फाइलीही पुन्हा तपासल्या. आणखी एकीचं नाव माझ्या चुकीनं वगळलं गेलं होतं. तिच्या कॉलेजची मुदत तेव्हा संपलेली होती. तिला एक वर्ष थांबावं लागलं. एक उलटंही निघालं : दापोलीकडच्या एका मंजूर अर्जातला नवरा दर सणाला घरी येत होता आणि पत्र खोटं होतं. ती शिष्यवृत्ती थांबवली. त्या बाईनं फोनवर मला जे ऐकवलं ते इथे देत नाही.

फॉर्म बदलला. ‘पती कुठे असतात?’ हा प्रश्न गेला. त्याऐवजी ‘गेल्या तीन वर्षांत घरच्या सणाला कोण-कोण आलं, आणि हे बाहेरच्या कोणी पाहिलं?’ असा प्रश्न आला. सण कोणता ते ज्या-त्या घरानं सांगावं. किनाऱ्यावर नारळी पौर्णिमा सांगतात, काही घरांत ईद.

त्याखाली लिमये मॅडमनी एक सूचना घातली होती : ‘सासू समोर असताना विचारू नये.’ मी त्या सूचनेला हरकत घेतली. आमच्यात बराच वाद झाला. शेवटी छापली गेली ती सूचना अशी : ‘सुनेला एकटीला विचारावे. सासूलाही एकटीला विचारावे. घाई करू नये.’