नळीवरचा आकडा

दर ऑक्टोबरला जत्रेच्या मैदानावरील पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांचा मेळावा भरे. ओहायोच्या त्या भागात, एकोणिसाव्या शतकातील खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्व्हरविषयी लोवेल स्टकीचा शब्द अखेरचा मानला जाई. तीस वर्षे लेथवर घालवलेल्या या माणसाचा विश्वास केवळ लोखंडावर ठोकलेल्या आकड्यांवर होता. घरोघरच्या कहाण्या त्याने इतक्या ऐकल्या होत्या, की कोणी बोलू लागले की तो विनयाने मान हलवी आणि भिंग उचली.

१९९४च्या मेळाव्यात वर्ना होलमन आपल्या एक्याण्णव वर्षांच्या आईला, आयडाला, घेऊन त्याच्या टेबलाशी आली. रुमालात पाच बारांचे छोटे रिव्हॉल्व्हर होते. आयडाची आजी अ‍ॅडलिन हिचा नवरा १८५७ साली प्रवासात वारला, तेव्हा हे एप्रनच्या खिशात ठेवून तिने एकटीने गाडी हाकत कॅन्सस गाठले, आणि दोन वर्षांनी ती परत आली. आयडाने हे आजीच्याच तोंडून ऐकले होते. गावचे संग्रहालय ते अ‍ॅडलिनच्या नावाने मांडायला तयार होते. अट एकच, लोवेलने लेखी दुजोरा द्यावा.

त्या बनावटीत प्रत्येक सुट्या भागावर एकच क्रमांक असे. निदान दोन जागी तो जुळल्याशिवाय मत द्यायचे नाही, हा नियम नवख्यांना लोवेलच शिकवी. पण सांगाड्यावरचा क्रमांक गंजाने बुजला होता, मागे माणसे खोळंबली होती, आणि नळीवरचा आकडा लख्ख दिसत होता. कारखान्याच्या नोंदींप्रमाणे तो १८६३चा होता.

"गोष्ट छान आहे, आजी," तो म्हणाला, "पण सत्तावन्न साली ही वस्तू जन्मालाच आली नव्हती."

"माझी आजी खोटं बोलत नसे."

"नसेल. पण माणसांची वर्षं चुकतात. आकडा चुकत नाही."

"बरं बाबा. तू होतास ना तिथे," एवढे म्हणून आयडाने रुमाल उचलला.

संग्रहालयाने नकार कळवला. चार वर्षांनी आयडा वारली. त्यानंतर वर्नाने ते रिव्हॉल्व्हर लोवेललाच देऊन टाकले; घरात नको वाटते, म्हणाली.

त्याने ते तीन आठवडे तेलात ठेवले. गंज सुटला तेव्हा सांगाड्यावर निराळाच क्रमांक निघाला. मूठ उकलली, लाकडाच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने तोच लिहिलेला होता. तो १८५५चा होता. नळी पुढे कधीतरी दुरुस्तीत बदलली गेली होती.

तो दुसऱ्याच दिवशी वर्नाकडे गेला. तिने केक कापून पुढे ठेवला आणि सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे आईचं खरं होतं?"

"तसं सिद्ध होत नाही. माझं खोटं होतं, एवढं मात्र नक्की."

या वेळी संग्रहालयाने होकार दिला, आणि फलकासाठी माहिती मागवली: अ‍ॅडलिन कोणत्या वाटेने गेली, सोबत कोण होते, परत का आली. लोवेलने तो कागद वर्नापुढे धरला. तिने तो वाचून परत दिला.

"आईला सगळं ठाऊक होतं. तुमच्या टेबलावरून घरी आल्यावर तिने पुन्हा आपल्या आजीचं नाव घेतलं नाही. मीही विचारलं नाही. वाटलं, उगाच तिला ओशाळं वाटेल." तिने त्याच्या कपात कॉफी ओतली. "चार वर्षं, लोवेल. रोज समोरासमोर बसून जेवत होतो आम्ही."

फलकाचा मजकूर लोवेलनेच लिहायचा होता. दोन ओळी झाल्या: वस्तूचे वर्ष आणि अ‍ॅडलिनचे नाव. तिसरी त्याने स्वतःहून जोडली, की १९९४ मध्ये एका जाणकाराने अपुऱ्या तपासणीवरून हा दावा फेटाळला होता आणि त्यामुळे पुढची माहिती नोंदवायची राहून गेली. संग्रहालयाने ती ओळ गाळली. संग्रहालय पाहायला येणाऱ्यांना तिचा उपयोग नाही, असे त्यांनी सौजन्याने कळवले.