सासूबाईंनी जमवलेला ट्रॅक्टर

आमच्या घरी ट्रॅक्टर यायच्या आधी त्याच्यावरून अबोला आला. माझे सासरे माजरीच्या कोळसा खाणीत यंत्रं चालवून निवृत्त झाले होते आणि चंद्रपूरजवळच्या मूल शहराच्या पुढं, आमच्या गावी येऊन धानाच्या शेतीला लागले होते. ट्रॅक्टर घ्यायचा, यावर त्यांचं आणि माझ्या नवऱ्याचं एकमत होतं. भांडण होतं ते जुना की नवा यावर.

नवऱ्यानं चंद्रपूरच्या शोरूममधून एक रंगीत माहितीपत्रक आणलं होतं. त्यातल्या ट्रॅक्टरला काट्यांच्या मीटरऐवजी आकडे दाखवणारी काच होती, मागची लिफ्ट बटणावर वरखाली व्हायची, आणि तेल कमी झालं की लाल दिवा लागून ट्रॅक्टर स्वतःच ओरडायचा. हे पत्रक तो जेवताना ताटाशेजारी ठेवायचा. सासऱ्यांना त्या पत्रकाचा राग होता. पान्यानं खोलता येईल तेवढंच यंत्र आपलं, बाकीचं कंपनीचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना जुना, दोनतीन हातांतून गेलेला, फक्त लोखंड आणि डिझेल असलेला ट्रॅक्टर हवा होता. एका संध्याकाळी मुलगा त्यांना म्हणाला की तुम्हाला ट्रॅक्टर नको, भंगार पाहिजे. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले.

दोघं एकाच ओसरीवर बसायचे. सासरे समोर बघत म्हणायचे, "त्याले सांगा, वायर तुटली का चंद्रपूरहून इंजिनेर आणा लागन." नवरा छताकडे बघत म्हणायचा, "बाबाले सांग, धुरानं डोळे गेल्यावर मंग कळन." निरोप पोचवायचं काम सासूबाईंकडे होतं, आणि त्या हे काम दोघं वेगवेगळ्या जागी असतानाच करायच्या. का, ते मला लवकरच कळलं. मागच्या दारी नवऱ्याला त्या सांगत होत्या, "बाबा म्हणते, नवा वाईट नाई, पण पाह्यल्याशिवाय कसं घ्याचं?" आणि गोठ्यात सासऱ्यांना सांगत होत्या, "तो म्हणते, बाबाच्या कानाएवढी मशीन कोणती नाई, पण माहा नवावाला एकदा पाहून घ्या." मी तांदूळ निवडत होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं सूप माझ्या हातातून घेतलं.

अशा रीतीनं आम्ही चौघं एसटीनं चंद्रपूरला शोरूम पाहायला गेलो. मनातून मी नव्याच्या बाजूची होते, कारण जुना आला तर तेलानं काळे झालेले कपडे धुणं माझ्या वाट्याला येणार होतं. शोरूममधला माणूस फार नम्र होता. त्यानं विचारलं, कोण बसून बघतं? बापलेकांपैकी कोणी पुढं होण्याआधी सासूबाई पदर खोचून वर चढल्या. त्यानं सांगितलं की क्लच पूर्ण दाबायचा, मग किल्ली फिरवायची. त्यांनी फिरवली. ट्रॅक्टर दोनदा पीं पीं करून गप्प बसला. क्लच पूर्ण दाबला गेला नाही की तो चालूच होत नाही, हे सुरक्षिततेसाठी आहे, असं त्या माणसानं समजावलं, आणि स्वतः बसून एका झटक्यात चालू केला. आवाज खरंच मऊ होता. नवऱ्याचा चेहरा उजळला. सासरे दुसरीकडे बघत होते, पण कान इकडे होता.

सासूबाई खाली उतरल्या आणि त्यांनी विचारलं, "आमचा ट्रॅक्टर धानाच्या तणसाच्या ढिगाजवळ राहीन. तिथं उंदीर लय. त्याईनं हे वायरी खाल्ल्या तर?"

तो माणूस म्हणाला, फोन करायचा, कंपनीचा माणूस नागपूरहून येऊन तपासून देईल.

"तोवर उंदीर थांबन का?" सासूबाईंनी अगदी साधेपणानं विचारलं.

त्यानं आमच्यासाठी चहा मागवला.

परतीच्या एसटीत सासूबाईंनी मला खिडकीजवळची जागा दिली, स्वतः मधल्या वाटेच्या बाजूला बसल्या आणि पुढच्या सीटवरच्या दोघांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं की तेलुगू मुलखाला लागून असलेल्या सिरोंच्याला त्यांच्या बहिणीच्या ओळखीत एक जुना ट्रॅक्टर विकायला निघाला आहे. सासऱ्यांची मान वळली. नवऱ्याचीही वळली, कारण त्याला जुन्या ट्रॅक्टरचे दोष मोजून दाखवायची संधी हवी होती. मला एवढंच ठाऊक होतं की माझ्या लग्नापासून सासूबाई दर वर्षी सिरोंच्याला जायचं नाव काढायच्या आणि दर वर्षी सासरे म्हणायचे, रस्ता खराब आहे, पुढच्या वर्षी पाहू.

त्या वर्षी रस्ता कोणालाच खराब वाटला नाही. आलापल्लीच्या पुढं एसटी सागाच्या जंगलातून अशी उडत होती की माझी बांगडी फुटली, पण सासरे आनंदात होते. सिरोंच्याला मावशीनं, म्हणजे सासूबाईंच्या बहिणीनं, आमची वाट पाहत गोदावरीचे मासे आणून ठेवले होते. दोघी बहिणी एकमेकींना बिलगून इतका वेळ उभ्या राहिल्या की शेवटी मीच पिशव्या आत नेल्या.

ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी पाहिला. तो नदीकडच्या एका शेतात चिंचेखाली उभा होता. त्याच्या बॉनेटवर मासेमारीचं जाळं वाळत होतं आणि सीटच्या मागं हत्यारांच्या पेटीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. सेल्फ मेलेला, म्हणजे धक्का दिल्याशिवाय चालू होणार नाही. मीटरचे सगळे काटे एकाच बाजूला पडलेले. नवरा हे सगळं मोठ्यानं मोजत होता. शेतमालक उंच, मिशीवाला शेतकरी होता. तो आमच्याशी काहीच बोलला नाही, मावशीशी मात्र तेलुगूत बराच वेळ बोलला. त्यात 'अम्मनु, अम्मनु' असं काहीसं सारखं येत होतं. सासऱ्यांना तेलुगू येत नव्हतं. ते मला हळूच म्हणाले, "माणूस चांगला दिसते. मावशीले अम्मा म्हणते."

तो काय म्हणतो, असं सासऱ्यांनी विचारल्यावर मावशी म्हणाली, "म्हणते, निवांत पाहा. घाई नाई."

शेतमालक सीटवर बसला आणि आम्ही चौघांनी धक्का दिला. कोंबडीला आधी उतरवलं होतं. ट्रॅक्टर खोकला, काळा धूर सोडला आणि बंद पडला. पुन्हा धक्का, पुन्हा तेच. तेव्हा सासऱ्यांनी खिशातून पेचकस काढला, आम्हाला अजून एकदा ढकलायला लावलं, आणि चालत्या इंजिनला पेचकसाचं टोक लावून त्याच्या मुठीवर कान ठेवला. इंजिन पुन्हा बंद पडेपर्यंत ते तसेच वाकून होते. मग उठून म्हणाले की पोट चांगलं आहे, फक्त गळा धरला आहे. डिझेलच्या नळीत हवा आणि गाळ होता. नवऱ्याचा विश्वास बसला नाही. तो खोटं पाडायला म्हणून खाली शिरला आणि नळी सोडवायला लागला. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "बाबा, तेराचा पाना द्या."

कितीतरी दिवसांनी तो त्यांच्याशी थेट बोलला होता. सासऱ्यांनी पाना दिला. दुपारी जेवायला बोलावलं तर दोघांनी सांगितलं, तुम्ही खाऊन घ्या.

दोन दिवसांसाठी गेलेलो आम्ही आठवडाभर राहिलो. बापलेक सकाळी शेतात जायचे आणि अंधार पडताना काळे होऊन यायचे. सासूबाई आणि मावशी सकाळी नदीवर, दुपारी ओसरीवर, संध्याकाळी देवळात. मीसुद्धा त्यांच्यासोबत फिरले, झिंगे सोलायला शिकले. ट्रॅक्टर एका धक्क्यात चालू व्हायला लागला, तेव्हा शेतमालक बराच वेळ चिंचेला टेकून तो आवाज ऐकत उभा राहिला. मग मावशीशी एक वाक्य बोलला आणि घरात जाऊन त्यानं कागदपत्रं आणली. व्यवहार तिथंच झाला.

ट्रॅक्टर बापलेकांनी जंगलातून चालवत आणला. आम्ही दोघी एसटीनं निघालो, ती त्यांच्या नंतर. वाटेत एसटीनं त्यांना मागं टाकलं. नवरा चालवत होता, सासरे मडगार्डवर बसून त्याच्या कानात ओरडून काहीतरी सांगत होते आणि तोही ओरडून उत्तर देत होता. सासूबाईंनी खिडकीतून हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

तो ट्रॅक्टर घरी आल्यावर शहाण्यासारखा वागला असं नाही. सेल्फ नवा बसवेपर्यंत त्याला रोज तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उताराला उभा करावा लागे, आणि सकाळी पाळीवर आंघोळीला आलेल्यांना आधी धक्का द्यावा लागे. काही जणांनी आंघोळीची वेळ बदलली. पण रोवणीच्या आधी चिखलणीला त्यानं सगळ्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, वेळेवर करून दिल्या. बिघडला की बापलेक त्याच्यापुढं मांडी घालून बसायचे. कपडे मात्र काळे व्हायचेच, ते मी नवऱ्याला त्याचे त्याला धुवायला लावले.

पुढच्या वर्षी मावशी आमच्याकडे आली, आणि तिच्यासोबत तो सिरोंच्याचा शेतकरीही आला. चंद्रपूरला त्याचं काहीतरी काम होतं. ओसरीवर बसून त्यानं पाणी प्यायलं आणि चांगल्या मराठीत विचारलं, "कसा हाय माहा ट्रॅक्टर?"

सासरे चकित झाले. तुम्हाला मराठी येतं तर तेव्हा काऊन बोलला नाही, असं त्यांनी विचारलं. तो संकोचून हसला. म्हणाला, "भाऊ, मले ट्रॅक्टर विकाचाच नव्हता. पाहुण्याच्या तोंडावर नाई कसं म्हणाव? म्हणून या बाईले तेलुगूत सांगून राह्यलो होतो. अम्मनु म्हणजे विकत नाई." पुढं त्यानं सांगितलं की आम्ही यायच्या आधी मावशी महिनाभर रोज त्याच्या बायकोकडे येऊन बसायची, आणि म्हणायची की माझी बहीण इतक्या वर्षांत एकदाही आली नाही, तुम्ही विकू नका हवं तर, पण विकायचा आहे एवढं म्हणू द्या. दुरुस्त झालेला आवाज ऐकल्यावर मात्र त्याला वाटलं, ज्यांनी हा जिवंत केला त्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं.

सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई उठून भात बघायला गेल्या. मावशीही त्यांच्या मागं गेली, आणि स्वयंपाकघरातून दोघींचा हसण्याचा आवाज बाहेर येत राहिला. सासऱ्यांच्याही मिशा हलायला लागल्या. त्यांनी पाहुण्याला शेतावर, ट्रॅक्टरपाशी नेलं. तो ट्रॅक्टरवर चढला तो उतरायलाच तयार होईना. आम्ही जेवण शेतावर पाठवलं.

दोनतीन वर्षांनी नवऱ्यानं आकड्यांच्या काचेचा नवा ट्रॅक्टरही घेतला. या वेळी सासऱ्यांनी विरोध केला नाही. गुडघे दुखायला लागल्यापासून बटणावरची लिफ्ट त्यांना पटली होती. जुना ट्रॉली ओढायला राहिला. आणि सिरोंच्याला जायला मग कोणालाही कारण लागलं नाही. धान कापून झालं की सासरेच सासूबाईंना म्हणायचे, चल, मासे खाऊन येऊ.