चिंगीचं सोवळं

काका गेले.

आज सकाळी अंघोळ करून पूजेला बसले, संकल्प सोडला आणि तिथेच कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

अहो, परवाच फोनवर मला चांगलं झापत होते! माझा अजून विश्वास बसत नाहीये.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बनारसला ब्रह्मा घाटावर आमचं एकत्र घर. काका वेद शिकवायचे, आणि सोवळं इतकं कडक की पूजा आटोपेपर्यंत आम्ही मुलं त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहायचो नाही.

आणि सकाळपासून डोळ्यांसमोर काय येतंय, तर चिंगी. माझी मांजर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी अकरावीत होते. काकांना पूजेच्या आसनावर तांदळाचा एक दाणा दिसला. अक्षता पायदळी जायला नको म्हणून त्यांनी तो उचलून अन्नपूर्णेच्या पायाशी ठेवला.

दाणा चालायला लागला.

काका असे ओरडले की गल्लीतले लोक वर आले.

तो चिंगीच्या पोटातल्या टेपवर्मचा, म्हणजे चपट्या जंताचा, तुकडा होता. ती दुपारी त्याच आसनावर झोपते, हे फक्त मला माहीत होतं.

"हिला गंगापार सोडून यायचं. बस, फाइनल!" काकांनी जाहीर केलं.

मी जेवण सोडलं. आईने कशीबशी महिन्याची मुदत मिळवली. डॉक्टरांच्या गोळ्या चिंगीने सगळ्या थुंकल्या, वर माझा हात फाडला.

मुदतीला चार दिवस उरले असताना लंडनच्या मावशीने कुणाबरोबर तरी एक इवलीशी ट्यूब पाठवली. गोळी नाही, इंजेक्शन नाही. मानेवर केस बाजूला करून कातडीवर औषध टाकायचं, की झालं.

"किडा पोटात आणि औषध मानेवर? पागल झालात काय सगळे?" काका म्हणाले.

पण एकाने धरायची, दुसऱ्याने औषध टाकायचं. आणि त्या सकाळी घरात मी आणि नुकतेच पूजेवरून उठलेले काका, दोघंच.

मी रडवेली होऊन बघत राहिले.

"आधी ट्यूबबरोबर आलाय तो कागद वाच. विधी समजल्याशिवाय हात लावायचा नाही."

मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेले. शेवटी होतं, औषध वाळेपर्यंत तिथे कुणीही हात लावू नये.

काका चमकले. "अगं, म्हणजे हे सोवळंच की!"

आणि नेसत्या सोवळ्यानिशी खाली बसून त्यांनी चिंगीला दोन्ही हातांनी धरलं. माझ्या हातातली ट्यूब पडायचीच बाकी होती!

मग दुपारपर्यंत काका दारात खुर्ची टाकून राखणीला. "शिवू नका तिला! सोवळ्यात आहे!" बाबा बँकेतून डबा विसरला म्हणून आले, ते चपला हातात घेऊन तसेच उभे.

दाणे बंद झाले. पिसवांमुळे पुन्हा होतं हे कळल्यावर घरातल्या सतरंज्या काका स्वतः उन्हात टाकायचे. चिंगी आमच्याकडे आणखी नऊ वर्षं राहिली. गंगापारचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मी नागपुरात आहे. पोहोचेपर्यंत मणिकर्णिका घाटावर सगळं उरकलेलं असेल.

काका, त्या दिवशी चिंगीला धरताना माझा हात तुमच्या हाताला लागला होता. तुम्ही तो झटकला नाहीत.

एरवी मी बनारसहून निघायचे तेव्हा तुम्ही पूजेत असायचात. नमस्कार दरवेळी लांबूनच.

आजचा शेवटचाही लांबूनच होतोय, काका.